कडूबाईची मूठ

धनगर वस्तीवरची कडूबाई आमच्याकडे अकरा वर्षे दूध घालत होती. आमचे यजमान गेवराईच्या तहसिलीत पेशकार होते. ते गेल्यावर मी तलवाड्यात त्यांच्या वाटणीच्या दोन खोल्यांत येऊन राहिले, तेव्हापासूनची ती. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात असताना सिस्टरांनी रोज चार ओळी लिहायची सवय लावली, ती पुढे सुटली नाही. म्हणून कडूबाईचे हे सारे तारखांसह माझ्याजवळ आहे.

निजामी फसली सन १३३५ च्या पौषातल्या एका पानावर मी लिहिले आहे, "दूध पातळ. आज पाचवा दिवस." त्याच सकाळी मी तिला बोलले.

"कडूबाई, यंदा विहिरीला पाणी बरंच दिसतंय."

तिला बरोबर कळले. ती उंबऱ्याजवळ बसली. बसली म्हणजे भिंतीला पाठ लावून हळूहळू घसरत खाली आली.

"पानी घालाया आधी घागर उचलावी लागती, बाईसाब," ती म्हणाली. "ती मला दिवाळीपासून उचलंना. सून आनती पानी. पाहिजे तर तिला इचारा."

तिने उजवा हात पुढे केला. "धरा. दाबते बगा."

मी तिच्या हातात हात दिला. तिने ओठ घट्ट मिटले, मानेच्या शिरा वर आल्या, आणि माझ्या बोटांना जेमतेम काही जाणवले. तान्हे मूल बोट धरते तेव्हा याहून जास्त जोर लागतो.

"दुखतंय का गं?"

"दुकत न्हाई. दुकलं असतं तर बिब्बा घातला असता, शेकलं असतं. जोरच न्हाई. लुगडं पिळना, दाव्याची गाठ सुटंना. कुटं गेला जोर काय म्हाईत."

मग तिने सांगितले ते असे. तिची म्हैस चंद्री एका वेळेला चार शेर दूध द्यायची. आता दीड शेरावर तिची बोटे थांबत. राहिलेले दूध कासेतच राही, आणि साय असते ती त्या शेवटच्या दुधात. मला येत होते ते पातळ दूध पाण्याचे नव्हते, अर्धवट काढलेल्या धारेचे होते. मी पाच दिवस तिला मनात चोर ठरवले होते. तेही मी त्या दिवशी लिहून ठेवले आहे.

"मग दगडाबाईला सांग की. ती काढील धार." दगडाबाई म्हणजे तिची सून.

"दगडी धार काढील, अन् मी काय करू?" कडूबाई म्हणाली. "आमच्यात धार काढनारी बाईच दूध वाटती. कुनाला दही, कुनाला ताक, लोनी कवा कढवायचं, समदं तीच ठरवती. माज्या सासूकडनं मी धारंची चरवी घेतली तवा ती माज्याएवढीच व्हती. त्या दिवसापासनं तिला कुनी काई इचारलं न्हाई. दुसऱ्याचं कशाला सांगू, मीच इचारलं न्हाई. सा वर्सं नुसती बसून व्हती म्हातारी." मग म्हणाली, "तुमी कुटं बोलू नका."

मी बोलणार नाही असा शब्द दिला. उठताना तिला माझा हात धरावा लागला.

तिच्या घरात कोणालाच तिचा संशय आला नाही. दूध कमी होण्याची कारणे या लोकांना पाठ असतात, आणि त्यांत धार काढणाऱ्या म्हातारीचे हात नसतात. मुलगा बंकट याने ठरवले की चंद्रीची वगार, म्हणजे तिची रेडी, दावे सोडवून दूध पिऊन टाकते. त्याने बोरीच्या काट्यांचे मुसके करून तिच्या तोंडाला बांधले, म्हणजे कासेशी गेली की काटे आईला टोचावेत. ती तीन महिन्यांची वगार आईजवळ जाई, चंद्री लाथ मारी, वगार दूर उभी राही. कडूबाई समोर बसून हे रोज पाही. धारेच्या वेळी मुसके काढून वगारीला घोटभर पाजत, पण ती आता घाबरून धड लुचत नसे. दूध आणखी कमी झाले.

मी एकदा संध्याकाळी तिच्याकडे गेले होते तेव्हा तिची धार काढणे पाहिले. ती चवड्यांवर बसे, पण चरवी गुडघ्यांत धरवत नसे. तिच्या मांड्या कापत आणि चरवी खाली सरके. म्हणून तिने चरवीखाली दगड ठेवला होता. काम झाल्यावर ती चंद्रीचा मागचा पाय दोन्ही हातांनी धरून उठे. ती म्हैस बंकटला जवळ येऊ देत नसे, पण म्हातारी पाय धरून उभी राहीपर्यंत हलत नसे.

माघ लागला तेव्हा बंकट म्हणाला, चंद्री आटली. भाकड म्हशीला सरकी घालणे त्याला परवडणारे नव्हते. त्याने दिंद्रुडचा राधाकिशन हेडी बोलावला. हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. आटलेली म्हैस हेड्याकडून पुढे कोणाकडे जाते हे वस्तीवर सगळ्यांना ठाऊक होते. कडूबाईलाही होते.

त्या सकाळी दूध आले नाही, म्हणून मी तांब्या घेऊन गेले. निदान स्वतःला तसे सांगितले. कडूबाई गोठ्याच्या मेढीच्या खांबाला टेकून उभी होती. हेड्याने चंद्रीचे दात पाहिले, शेपटी पाहिली.

"किती म्हैन्याची व्यालेली?" त्याने विचारले.

"तीन झाले, चौथा चालूय," बंकट म्हणाला.

"एवढ्यात आटली? कावून बे?"

"दृष्ट लागली आसल."

"म्हशीला लागली का तुज्या वैरनीला लागली?"

"वैरन माज्यापरीस बरी खाती ती."

हेडी कासेला हात लावायला वाकला, तशी चंद्रीने लाथ उडवली. तो मागे सरकला आणि धोतरासकट शेणात बसला. दगडाबाई तोंडाला पदर लावून आत वळली.

"धार काढून दाव," हेडी धोतर झटकत म्हणाला.

"माय आत्ताच उठली काढून. कास रिकामी हाय."

"मंग आटलेलीच धरतो मी. मागनं बोलायचं न्हाई."

बंकटने मान हलवली. हेड्याने खांद्यावरचे उपरणे काढून दोघांच्या हातांवर टाकले. सौदा असा उपरण्याखाली बोटे दाबून होतो, तोंडाने कोणी आकडा काढत नाही. मी दिलेला शब्द मोडायच्या बेतात होते. मी कडूबाईकडे पाहिले. ती त्या उपरण्याकडे पाहत होती.

"बंकट, थांब," ती म्हणाली. "कास रिकामी न्हाई."

"माय, तूच काढलीस ना आत्ता?"

"मीच काढली. निम्मी काढली. माज्यानं निघंना."

बंकटचा हात उपरण्याखाली तसाच राहिला.

"निघंना म्हंजे?"

"म्हंजे निघंना. हातात काई राहिलं न्हाई. वगारीनं एक घोट चोरून पेलेला न्हाई. सोड तिचं मुसकं." मग तिने सुनेला हाक मारली. "दगडे, दोरीवरचं माजं जुनं लुगडं नेस अन् बस धारंला."

दगडाबाई बाहेर आली ती सासूच्या विटक्या लुगड्यात. त्याला शेणाचा आणि दुधाचा वास होता आणि चंद्रीला तोच वास ओळखीचा होता. वगारीला चार घोट पिऊ दिले आणि आईच्या तोंडाशी बांधले. कडूबाई मेढ सोडून चंद्रीच्या डोक्याशी गेली, शिंगात कोपर अडकवून उभी राहिली आणि तिच्या गळ्याखाली खाजवू लागली.

"अंगठा आत घेऊ नगंस," ती तिथूनच सुनेला सांगत होती. "आख्खी मूठ कर. वरनं दाबीत खाली ये. घाई नगं."

म्हशीने दोनदा पाय उचलला आणि खाली ठेवला. मग धार लागली. दगडाबाईचे हात पस्तिशीचे, जात्यावरचे. चरवीत फेस वर येत गेला. मापून पाहिले तेव्हा सव्वादोन शेर भरले. घट्ट, पिवळट दूध होते.

हेड्याने उपरणे खांद्यावर टाकले. "म्हातारीनं हातचं जनावर घालवलं माजं," असे म्हणून तो गेला.

बंकट आईकडे न पाहता काटेरी मुसके उचलून कुंपणावर टाकून आला. "आदी सांगायचं व्हतं," तो म्हणाला.

"सांगितलं की आता."

दगडाबाई चरवी घेऊन माझ्या तांब्याशी आली आणि सवयीने तिने मागे वळून विचारले, "आत्याबाई, पेशकारीणबाईंना किती घालू?"

"चरवी तुज्या हातात हाय," कडूबाई म्हणाली. "मला कावून इचारती?"

दगडाबाई माझ्याकडे वळली. मग तिने माझा तांब्या भरला.

त्यानंतर कडूबाई दोन्ही वेळा चंद्रीच्या डोक्याशी उभी राही. तेवढे काम तिला राहिले होते. चैत्रात ती खांब धरून उभी राहू लागली, वैशाखात पाटावर बसू लागली. पाटावरून उठवायला बंकट लागे. तो नसला तर ती ऊन चढेपर्यंत तिथेच बसून असे. कोणी तिला वाईट वागवले असे मी लिहिणार नाही. भाकरी वेळेवर मिळे, कालवण गरम मिळे. दगडाबाई कामाच्या गडबडीत असे. हाक मारली तर येई, पण कडूबाई हाक मारत नसे.

ज्येष्ठात एकदा मी गेले तेव्हा ती आत बाजेवर होती. दोन दिवस उठली नव्हती. आम्ही बोलत बसलो. बोलत म्हणजे मी काहीबाही बोलत होते. बाहेर धारेची वेळ झाली. वगारीचे ओरडणे ऐकू आले. मग थांबले. कडूबाईने मला हाताने गप्प केले.

बराच वेळ काही नाही. मग रिकाम्या पितळेवर पहिली धार वाजली, मग दुसरी, आणि मग आवाज जाड होत गेला.

"पान्हावली," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "दगडीनं कोन्चं लुगडं नेसलंय, बगा बरं."

मी दारातून पाहिले. दगडाबाईच्या अंगावर तिचे स्वतःचे हिरवे लुगडे होते. चंद्रीच्या डोक्याशी कोणी नव्हते. चंद्री डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती.

"तिचंच आहे," मी म्हणाले.

"बरं झालं," कडूबाई म्हणाली. "माजं धुवाया टाक म्हनावं."

तिला भिंतीकडे कूस वळवायची होती. तिने एकदा प्रयत्न केला, पुन्हा केला. मग मी उठून तिच्या पाठीखाली हात घातला.