पेल्याखालची चिठ्ठी

पाणीवाली मावशी चालायची नाही, धावायची. डोक्यावर भरलेली कळशी, एका हातात पितळी लोटा, दुसऱ्या हातात दोन पेले, आणि अशा अवतारात ती शाळेच्या व्हरांड्यातून या टोकाकडून त्या टोकाला अशी सुटायची की नवीन आलेले गुरुजी भिंतीला चिकटून उभे राहायचे. पण कळशीतलं पाणी कधी हिंदकळून तिच्या खांद्यावर सांडलेलं मी पाहिलं नाही. आम्ही पोरी मुद्दाम तिच्या मागे मागे जाऊन फरशीवर थेंब शोधायचो. नसायचा!

आमचं गाव हिवरखेडच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याला. मावशीचा नवरा या शाळेत शिपाई होता. तो गेल्यावर त्याच्या जागी ती लागली. घंटी वाजवणं, वर्ग झाडणं आणि पाणी पाजणं अशी तीन कामं. पहिली दोन ती करायची, तिसरं ती पूजेसारखं करायची. नवरा जिवंत असताना दर उन्हाळ्यात बसस्टॉपवर निंबाच्या झाडाखाली रांजण भरून ठेवायचा. त्याच्या मागं तिनं तो नेम सोडला नाही. गुरुवारी बायकांच्या भजनात ती खंजिरी वाजवायची, तीही अशी जोरात की हात लाल व्हायचे. कुणी म्हणालं, "मावशी, जरा हळू," तर म्हणायची, "देवाले आयकू जायले नको का?" पण तिला विचारलं की तुझा देव कोणता, तर ती कळशीकडं बोट दाखवायची. "तान्हेल्याले पानी पाजनं हाच माहा देव. अन् देवाच्या पान्यात भेसळ करू नाही."

हे वाक्य आम्ही शंभरदा ऐकलं होतं. त्याचा अर्थ मला दहावीच्या भूमितीच्या पेपरला कळला.

ती वर्षं आमच्या भागाला फार वाईट गेली. कपाशीवर अळी, नाहीतर पाऊस नाही, नाहीतर भाव नाही. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव पहिल्या पानावर यायचं आणि ते कधी चांगल्या बातमीसाठी नसायचं. शेतीत काही राहिलं नाही, हे वाक्य लोक राम राम म्हणावं तसं म्हणायचे. मग उरलं काय? लेकरू दहावी निघालं पाहिजे. कसंही निघालं पाहिजे. परीक्षेच्या दिवशी शाळेभोवती जत्रा भरायची. कुणाचा काका निंबावर, कुणाचा भाऊ कुंपणावर, गाईडची फाडलेली पानं दगडाला गुंडाळून खिडकीतून आत. आणि ज्यांच्या खिडकीला जाळी होती त्यांच्यासाठी पाणीवाला होता. पेला द्यायचा, पेल्याखाली चिठ्ठी. पाणी पिताना चिठ्ठी बाकावर राहायची. ही पद्धत इतकी रुळली होती की त्याला कुणी चोरी म्हणत नसे. "पानी पाजनं" म्हणत.

आमच्या वर्षी जुना पाणीवाला रिटायर झाला आणि परीक्षेच्या खोल्यांत पाणी द्यायचं काम मावशीकडं आलं. तिची मुलगी वर्षा माझ्याच वर्गात, माझी जिवाची मैत्रीण. आम्ही दोघीही भूमितीत कच्च्या. साऱ्या गावाला हायसं वाटलं. स्वतःची लेक आत बसलेली असताना कोणती आई चिठ्ठी देणार नाही?

भूमितीच्या पेपरच्या दिवशी सकाळी फाटकावर सात-आठ जणांनी तिला घेरलं. माझे बाबाही त्यांत होते. माझे बाबा साधे, सरळ माणूस. कधी कुणाच्या शेताच्या धुऱ्यावरचं बोर तोडलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी गाईडातली प्रमेयं उतरवून वर माझा नंबर लिहिलेली चिठ्ठीची घडी तिच्या हातात कोंबली.

"भाऊ, पानी देईन मी. कागद नाही देत," मावशी म्हणाली.

"हो ना बाई, समजलं," बाबा हसून म्हणाले. चार लोकांत असंच म्हणावं लागतं, असं त्यांना वाटलं. बाकीच्यांनीही आपापल्या घड्या तिच्या ओच्यात टाकल्या. घंटीची वेळ झाली होती. ती धावत आत गेली. बाबांनी मला खूण केली, काळजी करू नको.

पेपर हातात आला आणि माझे डोळे पांढरे झाले. वर्तुळाचे दोन प्रश्न, प्रमेय, रचना, काही म्हणजे काही येईना. मी मावशीची वाट पाहत बसले. व्हरांड्यात तिची पावलं वाजली तसं साऱ्या खोलीनं मान वर केली. ती पहिल्या रांगेतून आली. माझ्या बाकाशी थांबली. पेला ठेवला, लोट्यानं भरला. मी पेला उचलला.

खाली काही नव्हतं! नुसतं ओलं वर्तुळ.

मी पेला परत ठेवला, परत उचलला. मग तिच्याकडं पाहिलं. ती माझ्याकडंच पाहत होती. "पी वं मंदा," ती हळूच म्हणाली, "अन् येते तेवढं लिही."

तिथून ती वर्षाच्या बाकाशी गेली. वर्षानं पेला उचलला, आणि तिचा चेहरा मी आजही विसरले नाही. आईनं भरल्या ताटावरून उठवावं तसा. मावशीचा हात मात्र थरथरला. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिच्या लोट्यातून पाणी सांडलेलं पाहिलं. वर्षाच्या उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यावर.

पेपर सुटला. मावशी फाटकात उभी होती आणि ओच्यातून एकेक घडी काढून ज्याची त्याला देत होती. "हे तुमचं, भाऊ. हे तुमचं. हे घ्या, कोरडंच आहे." कुणी शिवी दिली, कुणी तोंड फिरवलं. बाबांनी घडी घेतली आणि म्हणाले, "बाई, तुले माही पोरगी आपली वाटली नाही." ती ओच्यातली पुढची घडी काढू लागली. दुसऱ्या दिवसापासून पाणी द्यायला दुसरा माणूस आला आणि मावशीला मैदान झाडायला लावलं.

जूनमध्ये निकाल लागला. मी चार मार्कांनी गेले, वर्षा सहा मार्कांनी. गावातले आणखी काही जण आमच्यासोबत होतेच. वर्षा दहा दिवस आईशी बोलली नाही. अकराव्या दिवशी बोलली ती आमच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर. "दुसऱ्यायच्या माया लेकरासाठी जीव देतात. माह्या मायनं एक कागद नाही देला!" मावशीनं ते ऐकलं. ती खाली रस्त्यातच उभी होती.

माझ्या घरी वेगळंच सुरू झालं. नापास पोरगी घरात ठेवून काय करायचं? अकोटकडून एक स्थळ आलं. मुलाकडं चार एकर होते, वय तिशीच्या पुढं. आईनं माझं दप्तर माळ्यावर टाकलं. मी रडून रडून थकले आणि मग रडायचंही सोडून दिलं. पाहुणे रविवारी येणार होते.

शनिवारी सकाळी मावशी आमच्या घरात घुसली. होय, घुसलीच! चप्पल दारात न काढता, धापा टाकत, वर्षाला हाताला धरून ओढत.

"भाऊ, लगन करून राह्यले म्हने?"

बाबा वर पाहायलाही तयार नव्हते. "तुले काय करा लागते, बाई?"

"मलेच करा लागते! चिठ्ठी मी नाही देली. तं पोरीले पास करनंही माह्याच अंगावर आलं. ऑक्टोबरात परीक्षा आहे. चार महिने द्या मले."

"तू सातवी शिकलेली. तू काय भूमिती शिकवतं?"

"मी नाही शिकवत. मास्तर पाह्यला मी. हिवरखेडले. सकाळच्या पह्यल्या गाडीनं जाऊ अन् धाच्या गाडीनं वापस येऊ. मी सोबत राहीन. पोरी नापास झाल्या तं मंग तुमी म्हनान तसं."

आई दारात उभी होती. शेवटी तीच बोलली, "चार महिन्यांत काय पोरगी म्हातारी होते का?" आईनं बाबांसमोर इतकं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. पाहुण्यांना निरोप गेला. मी माळ्यावर चढून दप्तर काढलं तेव्हा त्यात झुरळ होतं, तरी मी ते छातीशी धरलं.

मास्तर म्हणजे रशीद सर. उर्दू शाळेतून गणित शिकवून रिटायर झालेले, पांढरी दाढी, आवाज खणखणीत. त्यांच्या मुलाचं शिलाईचं दुकान घरासमोरच होतं. सर आम्हाला कापड कापायच्या लांबलचक टेबलाशी उभं करायचे आणि शिंप्याच्या खडूनं टेबलावरच त्रिकोण काढायचे. "देख बेटा, ये कमीज की बाही आहे. आता सांग, हे दोन कोन सारखे काहून?" आणि आम्हाला कळायचं! ज्या प्रमेयांना मी वर्षभर भुतासारखी घाबरले, ती बाहीत, कॉलरमध्ये, पायजम्याच्या काटछाटीत निघाली. एका सकाळी मी स्वतःहून एक रचना सोडवली आणि ओरडलेच. सरांनी मशीनवर बसलेल्या मुलाला थांबवलं, "रुको, पोरीचं आलं!" तोही उठून पाहायला आला.

मावशी दुकानाच्या पायरीवर बसून असायची. बसून राहणं तिला जमत नसे, म्हणून सरांच्या घरचं पाणी भरून द्यायची, आपल्या वाफ्यातली मेथी आणायची. सर फी घेईनात. "मेथीमध्ये आली फी," म्हणायचे. पहिल्या महिन्यात वर्षा तिच्याशी मोजकंच बोलायची. एकदा येताना गाडी बंद पडली आणि आम्ही तिघी उन्हात रस्त्यानं चालत आलो. अर्ध्या वाटेत वर्षानं आईच्या हातातली पिशवी काढून घेतली. एवढंच. मावशी पुढचा सगळा रस्ता भजन म्हणत चालली, खंजिरीऐवजी मांडीवर थाप मारत.

एकदा मी तिला विचारलं, "मावशी, तुला वर्षाची दया नाही आली तेव्हा?"

"आली नाही कशी? काळीज फाटलं माहं," ती म्हणाली. "पन आज मी पोरीले चोरून पास केलं असतं, तं उद्या ते पोरगी मले विचारन, माय, चोरी करू का, तं कोन्या तोंडानं नाही म्हनू?"

ऑक्टोबरच्या पेपरला तिला पुन्हा पाण्याचं काम मिळालं नाही. ती फाटकाबाहेर कळशी घेऊन बसली आणि कुंपणावर चढलेल्या लोकांना पाणी पाजत राहिली. त्याच लोकांना! कुणी नको म्हणालं नाही, ऊन फार होतं.

निकालाच्या दिवशी मावशीनं शाळेच्या ऑफिसातून बातमी घेतली आणि गावभर धावली. तिचा आवाज आधी आला, ती नंतर. "निघाल्या! दोघीबी निघाल्या! गणितात मंदाले अडुसष्ट, वर्षीले एकाहत्तर!" बाबा गोठ्यात होते. हातातलं पेंडीचं घमेलं तसंच घेऊन बाहेर आले. तिच्यासमोर उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, बस. चहा घे." नऊ महिन्यांनंतर तिला आमच्या घरचा चहा मिळाला. दोन वर्षांनी माझ्या धाकट्या बहिणीची दहावी आली तेव्हा बाबा स्वतः तिला घेऊन मावशीकडं गेले. "हिलेही त्या सरकडं ने," म्हणाले, "हे लय लबाड आहे, हिच्यावर ध्यान ठेव."

चिठ्ठीवर पास झालेले सगळे वाया गेले असं मी म्हणणार नाही. एक जण आज माझ्याहून मोठ्या नोकरीत आहे, आणि बाबांनी ती घडी का कोंबली हेही मला आता पक्कं कळतं. तीही मायाच होती. मी अमरावतीला शिकले आणि तिथंच राजापेठेत एका क्लासमध्ये भूमिती शिकवते. वर्षा अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासते. एकदा अपघातातल्या एका बड्या घरच्या मुलाचा रक्तातल्या दारूचा रिपोर्ट बदलून द्या म्हणून तिच्यावर फार दबाव आला. तिनं बदलला नाही. तिची बदली झाली, वर्षभर ती लांबच्या गावी जात-येत राहिली. मला फोनवर म्हणाली, "माय मैदान झाडत होती, मी एसटीनं फिरून राह्यली. खानदानी आहे आमचं!" आणि खळखळून हसली.

मागच्या वर्षी मावशी गेली. त्याआधी आठवडाभर ती वर्षाच्याच दवाखान्यात होती. मी भेटायला गेले त्या दुपारी वर्षा पांढरा कोट घालून तिच्या पायाशी बसली होती. मावशीचा आवाज बारीक झाला होता, पण प्रश्न तिच्याच चालीनं आला, एकदम.

"वर्षे, खरं सांग. त्या वर्षी मी चुकली का वं? तुहं एक साल गेलं."

वर्षा थोडा वेळ आईच्या पायावरून हात फिरवत राहिली.

"माय, लय राग आला होता मले. लय दिवस होता," ती म्हणाली. "पन मी रोज इतक्या रिपोर्टवर सही करतो. आजवर एकदाबी हात थरथरला नाही माहा."

मावशीनं ते नीट ऐकलं. मान हलवली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि तिच्या कपाळावर आठी आली.

"मंग जा ना वं," ती म्हणाली, "इथं काय बसली? लोक खोळंबले असतीन."