भिंतीवरच्या चार ओळी

आमच्या आरोग्य केंद्रात औषधं संपतात, किस्से संपत नाहीत. दुपारी डबे उघडले की कुणीतरी विषय काढतं आणि भाजी निवून जाते. मी इथे नर्स. माझ्यापेक्षा सीनियर विमल अक्का आणि ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर सुखदेवभाऊ. आमचे निम्मे किस्से एका सरकारी वेबसाइटचे आहेत. तिचं नाव घेत नाही, मला अजून नोकरी करायची आहे.

*

त्या साइटवर 'तातडीची मदत' म्हणून एक मोबाईल नंबर आहे. तो एका बाबूंचा होता. बाबू रिटायर झाले, नंबर बंद पडला आणि मोबाईल कंपनीने तो सावद्याच्या एका साडीवाल्या शेठजींना दिला!

शेठजी आधी प्रत्येक फोनवर भडकायचे. नंबर काढा म्हणून अर्ज केले, कुणी हललं नाही. मग एकदा एका बाळंतिणीचा नवरा फोनवर रडायलाच लागला. शेठजींनी समोरचं गिऱ्हाईक तसंच सोडून सुखदेवभाऊंचा नंबर शोधून काढला. आता तो गल्ल्यामागे मोठ्या अक्षरांत चिकटवलेला आहे. दुकानाचा फोन वाजला की शेठजींचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी गाव सांगा. साडीचं नंतर बोलू."

साइटवर तो नंबर अजून आहे. आता काढू नये असं आम्हालाच वाटतं.

*

उन्हाळ्यात साइटवर नवीन सूचना आली. उष्माघात झाल्यास रुग्णास वातानुकूलित कक्षात हलवावे. असोद्याच्या शेतात कपाशी उपटताना बाई चक्कर येऊन पडली तर तो कक्ष बांधावर कुठे शोधायचा?

अक्कांनी महिलांच्या मीटिंगमध्ये सरळ सांगितलं, जवळच्या केळीच्या बागेत न्या, आडवं करा, पाण्याने अंग ओलं करा, वारा घाला आणि आम्हाला फोन करा. वरून विचारणा झाली की केळीची बाग कुठल्या परिपत्रकात आहे. अक्कांनी कळवलं, परिपत्रकात नाही, इथे चहूबाजूंनी आहे.

*

आणि ते फोटो! साइट उघडली की आधी उद्घाटनांचे फोटो उतरतात. फीत, हार, परत फीत. खालची माहिती येईपर्यंत गावातलं नेट दमतं. सुखदेवभाऊ म्हणतात, तेवढ्यात मी पेशंट घेऊन जळगावला पोचतो.

*

पण एकाच्या बाबतीत माहिती वेळेवर उतरली, आणि तेच वाईट झालं.

केळीच्या बागेत आमच्या गावातल्या नानांच्या पायाला साप चावला. त्यांच्या सुनेने, सुनीताने, मोबाईलवर तीच साइट उघडली. तिथे जुनाच सल्ला होता, दंशाच्या वर घट्ट बांधा. केळीवाल्यांच्या हाताशी बांधायला सोपट असतं, केळीच्या खोडाची चिवट पट्टी. तिने केळीचा घड बांधावा तसा पाय आवळला आणि नानांना बैलगाडीत घालून आणलं. पाय काळानिळा पडला होता. सापाच्या विषावरची लस सुरू करून अक्कांनी बंध जपून सोडला. नाना वाचले, पण पुढे जळगावला पायाची दोन बोटं काढावी लागली.

सुनीता रडत एकच म्हणत होती, सरकारी साइटवर होतं हो. अक्कांनी तिला जवळ घेतलं. "चूक तुझी नाही," त्या म्हणाल्या. इतक्या चिडलेल्या अक्का मी कधी पाहिल्या नव्हत्या.

सल्ला बदला म्हणून आम्ही तीन पत्रं पाठवली. उत्तर नाही. मग अक्कांनी लाल ऑइलपेंट आणून केंद्राच्या भिंतीवर स्वतः चार ओळी लिहिल्या. घट्ट बांधू नका. चिरू नका. पाय हलवू नका. थेट इथे या.

याचं उत्तर मात्र लगेच आलं! विनापरवानगी मजकूर, सात दिवसांत पुसावा.

आम्ही पुसला नाही. आठव्या दिवशी वरच्या ऑफिसातले साहेब आले, सोबत पेंटर आणि चुन्याची बादली. कुणाला विचारून लिहिलं, म्हणून त्यांनी अक्कांना सगळ्यांसमोर झापलं. अक्का भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात नाना काठी टेकत आले. साहेबांसमोर ओट्यावर बसले, पायावरचं फडकं सोडलं आणि पाय पुढे केला.

"साहेब, पह्यले हे पुसा. मंग भिंत."

साहेब पायाकडे बघतच राहिले. पेंटरने बादली खाली ठेवली, भिंतीजवळ जाऊन शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं.

"अक्का, ही ओळ फिकी पडली. लाल रंग आहे का?"