उंबऱ्यापाशी अडलेली बाज

मूठभर फुटाण्यांनी कुठल्याही माणसाला वळण लावता येतं, असं मनापासून मानणारा अख्ख्या मराठवाड्यात एकच माणूस असेल, आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. लातूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवता शिकवता चाळिशी उलटली, तेव्हा साडूंनी वर्तन-विश्लेषणात पीएच.डी. करायचं मनावर घेतलं. गाईड नांदेडचे, त्यामुळे साडूंचा मुक्काम आमच्याकडे. माणसाच्या मनात काय चाललंय ते विचारत बसू नये, तो करतो काय तेवढं बघावं आणि चांगलं केलं की लगेच बक्षीस द्यावं, हे त्यांचं शास्त्र. रिक्षावाल्याने खड्डा चुकवला की साडू मागून हात लांबवून त्याला फुटाणे देत. एकदा माझी बायको दिवसभर माझ्यावर डाफरली नाही, तर संध्याकाळी त्यांनी तिच्याही तळहातावर फुटाणे ठेवले. तिने ते त्यांच्याच चहात टाकले. वाईट वर्तनाकडे दुर्लक्ष करायचं असतं म्हणून साडूंनी चकार शब्द न काढता ते चमच्याने एकेक करून खाल्ले.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. सिनेमाला गेलो तर त्यांना दाराजवळचीच खुर्ची लागे. लग्नात मंगल कार्यालय नको, मंडप मोकळ्या रानात घाला, म्हणून अडून बसले होते. आमच्याकडे आले की ऐन डिसेंबरात गादी गॅलरीत टाकत. मी आत बोलावलं की म्हणत, “आत लई उकडतंय हो.” मी स्वेटर घालून हे ऐकत असे. विद्वान माणसाचं रक्त जरा गरम असतं, असं म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेत होतो.

प्रबंधासाठी त्यांनी निवडली ती स्वतःची आई. मी त्यांना मावशी म्हणे. त्या किल्लारीला एकट्याच राहत. भूकंपात त्यांचं जुनं घर बसलं आणि धाकटी लेक त्यात गेली. साडू तेव्हा शाळकरी पोर होते. पुढे नव्या गावात सिमेंटचं घर मिळालं. मावशी त्यात स्वयंपाक करीत, आल्यागेल्याला बसवीत, पण निजायला मात्र बाज अंगणात. तिथं अशी बाज बरीच वर्षं पुष्कळ अंगणांत दिसायची, त्यामुळे कुणाला नवल वाटत नसे. पण आता मावशींची छाती भरून येऊ लागली होती. आणखी एक हिवाळा बाहेर काढला तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. साडू म्हणाले, “प्रबंध बी होईल अन् आई बी वाचंल.”

दर शनिवारी ते किल्लारीला जात, आईची बाज हातभर दाराकडे सरकवत, शेजारी निरीक्षणासाठी आपली बाज टाकत आणि सकाळी मावशींना आपल्या हातचा गुळाचा चहा देत. फुटाणे चावायला मावशींना दात नव्हते. पावसाळ्यात बाज ओसरीवर आली, दिवाळीपर्यंत उंबऱ्याला भिडली. तिथं अडली ती अडलीच. चहात वेलदोडा आला, बरोबर खारी आली, पण मावशी आत जाईनात. खोकला वाढत चालला. गाईड म्हणाले, “दुसरं कुणीतरी बघा.” साडूंचा चेहरा उतरला. दुसरी आई ते कुठून आणणार होते?

त्या शनिवारी मीही सोबत गेलो. दिवेलागणीला साडूंनी दोन्ही बाजा लावल्या, खोकणाऱ्या आईकडे बघितलं आणि आपलं सगळं शास्त्र बाजूला ठेवून विचारलं, “आई, आत का येत न्हाईस गं?”

मावशींना नवल वाटलं. “तू भाईर निजतूस की. लेकरू भाईर अन् मी आत कशी निजू?”

“मी तुझ्यासाठी भाईर निजतोय.”

“न्हाई रे. घर पडल्यापासून तू छताखाली आलास की वरडायचास. म्हनून तर मी भाईर बाज टाकली.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पाव्हणं, तुमच्याकडं तरी आत निजतो का ह्यो?”

मी खाली बघितलं. साडू उठले, आपली बाज उचलून आत घेऊन गेले. जरा वेळाने घामाने भिजून बाहेर आले आणि ओसरीच्या पायरीवर बसले. मग मावशीच हळूहळू उठल्या, आत जाऊन जमिनीवर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, “मी हाय आत. तू ये सावकाश.”

साडूंनी आईची रिकामी बाज उंबऱ्याला आडवी लावली आणि तिच्यावर निजून हात तेवढा आत टाकला. साडूंनी कॉलेजातून रजा काढली आणि महिनाभर दोघं तशीच निजली. पण छातीने आधीच दगा दिला होता. संक्रांतीच्या आत मावशी गेल्या, त्याही छताखाली, लेकाचा हात धरून. गाईडनी फोनवर सांगितलं की निष्कर्ष उत्तम आहे, आता लिहून काढा. साडूंनी ते आजवर लिहिलेलं नाही.

अजून ते आमच्याकडे येतात. खिशात फुटाणे नसतात, आणि मला त्या फुटाण्यांची फार आठवण येते. गादी मीच घालतो, दर खेपेला हातभर आत. परवा ती गॅलरीच्या दारात आली. साडूंनी गादीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तिथंच निजले. सकाळी मी त्यांना गुळाचा चहा करून दिला. तो पिताना त्यांना रडू आलं. मी तिकडे दुर्लक्ष केलं.