वाकोडे साहेबांचं काळ्या तबकडीचं घड्याळ

माझी शेवटची पोस्टिंग ईशान्येकडच्या डोंगरांत, एका हेलिकॉप्टर युनिटमध्ये होती. मी फ्लाइट इंजिनिअर, हुद्दा ज्युनिअर वॉरंट ऑफिसर, गाव राळेगाव. आमच्या हेलिकॉप्टरचे कॅप्टन, स्क्वाड्रन लीडर प्रशीक वाकोडे, माझ्याच जिल्ह्यातल्या बोरी अरबचे. ड्युटीवर हिंदी-इंग्रजी चाले. हँगरमागे चहा घेताना मात्र साहेब हळूच विचारत, "काय करून राह्यले, राळेगाव?"

त्यांच्या मनगटावर जुनं क्रोनोग्राफ घड्याळ असे. काळी तबकडी, तिच्यात दोन छोट्या तबकड्या, कडेला सेकंद मोजायची दोन बटणं, मागे हवाई दलाचा कोरलेला नंबर. ते मूळ त्यांच्या पहिल्या इन्स्ट्रक्टरचं. तरुणपणी हे इन्स्ट्रक्टर ट्रान्सपोर्ट विमानं उडवत, तेव्हा ढगात होकायंत्र आणि हे घड्याळ एवढ्यावर वाट काढत. घड्याळ सर्व्हिसमधून बाद झाल्यावर त्यांनी ते जपून ठेवलं. वाकोडे साहेबांना विंग्ज, म्हणजे वैमानिकाचा बिल्ला, मिळाले त्या दिवशी स्वतःच्या हातातून काढून त्यांना दिलं. परेड बघायला साहेबांची माय आली होती. दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचून तिने पोराला शिकवलं होतं. साहेब रोज सकाळी ब्रीफिंगआधी घड्याळाला चावी देत.

त्या दुपारी पुढच्या पोस्टवरून दोन आजारी जवान आणायचे होते. जाताना हवा साफ होती. परत निघताना ढग खाली येऊ लागले. साहेबांनी घड्याळ काढून कोपायलटकडे दिलं. फ्लाइट लेफ्टनंट जोजी केरळचा, लग्न ठरलेला. पॅनलवर घड्याळ होतंच, पण साहेबांचा भरवसा ह्या जुन्या घड्याळावर.

दरीत शिरलो आणि काचेबाहेर सगळं पांढरं झालं.

"जोजी, टाइम."

जोजी सेकंद वाचत गेला, साहेब त्यावर वळणं घेत गेले. दरी जवळजवळ संपली होती, तेवढ्यात एक इंजिन बंद पडलं. राहिलेल्या ताकदीवर उंची टिकेना. जोजीने रेडिओवर मेडे, म्हणजे संकटाचा संदेश, दिला. ढगाखाली नदीचं पात्र दिसलं.

साहेब मला म्हणाले, "मागे जा. जवानांना बांधा."

मी मागे गेलो. म्हणून आज हे सांगतो आहे.

हेलिकॉप्टर पात्रात उतरलं, घसरत गेलं आणि नाक मोठ्या दगडावर आदळलं. केबिन शाबूत राहिली. दोन्ही जवानांना मी बाहेर काढलं. कॉकपिट चेपलं होतं. जोजी जागीच गेला होता. साहेब कमरेपासून खाली अडकले होते. मला त्यांना हलवता आलं नाही.

"जवान?"

"दोन्ही ठीक, सर."

मग साहेब आपल्या बोलीत म्हणाले, "मायले तुमीच सांगा. दुसऱ्या कोणाले नका पाठवू."

रेस्क्यू टीम उजेडातच पोचली, पण तोवर साहेब गेले होते. घड्याळ जोजीच्या मुठीत सापडलं. ते चालू होतं.

चौकशी संपल्यावर घड्याळ घरी पोचवायचं काम मी मागून घेतलं. अंत्यसंस्कार आधीच झाले होते; चौकशीमुळे तेव्हा मला निघू दिलं नव्हतं, पण शेवट कसा झाला ते मायला अजून कोणी सांगितलं नव्हतं. बोरी अरबला मायसमोर बसून मी सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाच विचारलं, "लय दुखलं काय त्याले?"

खोटं बोलणं जमलं नाही. "हो माय, दुखलं."

तिने घड्याळ पदरात धरलं. मग म्हणाली, "अन् त्या केरळच्या पोराच्या मायले काय भेटलं?"

मी सांगितलं, असं काहीच नाही. घड्याळ त्याच्याच हातात होतं.

"लाव तिले फोन."

जोजीच्या आईला मराठी येत नव्हती, मायला मल्याळम नाही. हिंदी दोघींनाही नाही. मायने दोनदा जोजीचं नाव घेतलं, मग मी चावी दिलेलं ते टिकटिकतं घड्याळ फोनला लावून धरलं. पलीकडून रडण्याचा आवाज आला. माय रडली नाही. हात अवघडला तरी तिने घड्याळ हलू दिलं नाही.

आता मी रिटायर होऊन राळेगावलाच असतो. दरवर्षी त्या तारखेला एसटीने बोरी अरबला जातो. मायच्या घरी बुद्धाच्या तसबिरीखाली दोन फोटो आहेत. स्क्वाड्रन लीडर प्रशीक वाकोडे आणि फ्लाइट लेफ्टनंट जोजी. जोजीचा फोटो त्याच्या आईने पाठवला. माय पहिला हार जोजीला घालते, मग आपल्या पोराला. पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, काहून असं?

ती म्हणाली, "प्रशीक घरचा हाये. तो पावना हाये ना."