पोटरीवरचा ठिपका

शिवणाच्या डब्यात आज मापाची जुनी टेप सापडली आणि सर्जापूर रोडवरच्या घरातली ती दुपार आठवली. ईरा पाच वर्षांची होती. सेरेब्रल पाल्सीमुळे तिच्या पोटऱ्या अगदी काडीसारख्या होत्या. घरी येणाऱ्या कानडी फिजिओथेरपिस्ट पद्माक्का दर महिन्याला माप घेऊन म्हणायच्या, "स्वल्प वाढलंय." माझा विश्वास बसेना. बाई टेप सैल धरत असणार, नाहीतर वर सरकवत असणार! म्हणून त्या दिवशी मी आधीच ईराच्या पोटरीवर मागच्या मापाच्या जागी पेनाने बारीक ठिपका काढून ठेवला.

टेप ठिपक्याच्या दोन बोटं वर बसली.

"बघा, जागा चुकली!" मी जवळजवळ ओरडलेच.

"सरी, बरं, चुकली असेल," पद्माक्का शांतपणे म्हणाल्या. "पण मापासाठी ती आत्ता स्टुलावरून कशालाही न धरता उठली. पहिल्यांदाच. पाहिलंत ना?"

मी ठिपका पाहत होते.

ईराच्या पोटऱ्या अजूनही बारीकच आहेत. वॉकर घेऊन ती एकटी मेट्रोने कॉलेजला जाते. "आई, मी पहिल्यांदा कशी उठले गं?" असं तिने विचारलं की मी डोळ्यांनी पाहिल्यासारखं रंगवून सांगते. ती माझ्याकडे संशयाने बघते. माझ्यावरच गेलीय.