सरळ कोपरांचं जॅकेट

वहिनीचा फोन आला तेव्हा मी अनसिंगच्या शाळेत सहावीच्या वह्या तपासत होते. "शकू, तुहा दादा उठून नाही राह्यला वं..." एवढंच ती बोलली. माझा मोठा भाऊ सकाळी चहा मागून खुर्चीतच गेला होता. जनावरांच्या दवाखान्याच्या नोकरीत त्याने जन्मभर आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या आसपासची खेडी मोटरसायकलवर पालथी घातली, आणि गेला तो घरात बसल्या बसल्या. "एवढं जाकीट-फिकीट घालून काय फायदा झाला?" मातीला आलेलं कुणीतरी बोललं. दीड महिना झाला, मला त्या माणसाचा अजून राग आहे.

एकदा शेलूबाजारच्या रस्त्यावर दादाच्या गाडीला रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली. अर्ध्या बाहीच्या शर्टातला दादा घसरत गेला, हाताची कातडी डांबरावर राहिली. तेव्हापासून जाड कापडाचं, खांद्या-कोपरांना आतून गाद्या असलेलं जॅकेट त्याच्या अंगावरून उतरलं नाही. मी गाडी घेतली तेव्हा त्याने मलाही वाशीमच्या दुकानात नेलं. मी आपली आरशासमोर रंग बघतेय, तर हा म्हणाला, "उभ्यानं पाहू नको. खुर्चीवर उलटी बस, हँडल धरल्यासारखे हात कर." भर दुकानात मी तशी बसले. गिऱ्हाइकं हसत होती. "पाह्य, मनगट उघडं पडलं. गादी कोपरावर पाह्यजे, दंडावर सरकली. गाडी काय उभी राहून चालवतं तू?" तीन जॅकेटं नापास करून चौथं घेतलं.

आणि मी ते घातलं नाही. आपल्याकडचं ऊन! जॅकेट डिकीत असायचं. दर रविवारी दादाकडे जाताना मालेगाव आलं की वेशीजवळ थांबून अंगात चढवायचे. "रोज घालतं ना?" "हो रे दादा." तो माझं जॅकेट घेऊन आपल्या जॅकेटशेजारी खुंटीवर टांगायचा.

तेराव्याच्या दिवशी वहिनीने सांगितलं, "ते म्हनत, शकूच्या जाकिटाचे कोपर अजून सरळच हायेत."

मी खुंटीकडे पाहिलं. दादाच्या जॅकेटच्या रिकाम्या बाह्या हँडल धरल्यासारख्या वाकलेल्या...

"मंग मले काहून नाही म्हनला?"

"म्हनत, घालतो म्हनून सांगते ना, एक दिवस खरंच घालंल."

त्या खुंटीखाली बसून मी खूप रडले.

आता रोज घालते. घामाने भिजते, शाळेतल्या बाया हसतात. काल घरी जॅकेट टांगलं, तर उजवा कोपर जरासा वाकलेला दिसला. दादाला सांगावं म्हणून मी फोन हातात घेतला होता.