धाग्याची परीक्षा

बाबा आदिलाबादजवळ तामसीच्या शाळेत मराठी शिकवायचे. परीक्षेत कुणाची मान जराशी वळली की पेपर काढून घ्यायचे, मग ती मान माझी का असेना. आमच्या घराण्यात शिकलेले ते पहिलेच. परीक्षेवर त्यांची श्रद्धाच होती म्हणा ना.

साखरेचा आजार जुना झाल्यावर त्यांच्या तळव्यांना मुंग्या यायच्या. पुढे त्याही थांबल्या. बाबांना वाटलं, बरं झालं. त्याच सुमारास आदिलाबादला महिन्यातून एकदा हैदराबादचा एक डॉक्टर यायला लागला, नुसता पायाचा. गावात हसू झालं. "उद्या अंगठ्याचा येगळा येईन!" म्हणत बाबाही हसले. मी हट्टानं त्यांना बसमध्ये बसवलं.

डॉक्टर तरुण, तेलुगू. आमच्याशी हिंदीत बोलला. त्यानं खाली बसून बाबांचा पाय मांडीवर घेतला, तसा बाबांनी तो मागे ओढला. "आप बडे आदमी," ते पुटपुटले. तो हसला. हाडांचं सगळं शिकून झाल्यावर त्यानं नुसत्या पायांसाठी आणखी दोन वर्षं दिली होती, आणि गुरूंनी सुरुवातीला कितीतरी दिवस त्याच्याकडून रोग्यांचे पाय फक्त धुवून, पुसून, बघून घेतले होते.

मग त्यानं नायलॉनचा धागा काढला. डोळे मिटायचे आणि तळव्याला धागा लागल्याचं जाणवलं की 'हाँ' म्हणायचं.

पहिल्या दोन वेळा बाबा गप्प राहिले. डॉक्टर थांबला, त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. त्यानंतर मात्र प्रत्येक वेळी खणखणीत 'हाँ'. डॉक्टरची मान तळव्यावर झुकलेली. मी समोर उभी होते. पापण्यांच्या फटीतून बाबा त्याच्या हाताकडे बघत होते.

बाबा कॉपी करत होते! मला आधी हसूच आलं. पण परक्या माणसासमोर बापाची लाज कशी काढायची? मी बोलले नाही. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "झालो ना पास!"

पावसाळा सरल्यावर एकदा चपलेतून वर आलेला खिळा तळव्यात घेऊन ते दिवसभर वर्गात उभे राहिले. फरशीवरचं रक्त पोरांनी दाखवलं, तेव्हा त्यांना कळलं. जखम चिघळत गेली. शेवटी हैदराबादला डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. तोच डॉक्टर मला म्हणाला, तळवे इतके बधिर झालेत हे तेव्हाच समजलं असतं तर चपला बदलून दिल्या असत्या, रोज तळवे बघायला शिकवलं असतं. मी तेव्हाही गप्पच राहिले. त्या गप्प राहण्याची मला आजही चीड येते.

काही महिन्यांनी उरलेल्या पायाची तपासणी होती. बाबांनी डोळे घट्ट मिटले. धागा अंगठ्याला लागला, टाचेला लागला. बाबा काहीच बोलेनात. मग डोळे न उघडताच त्यांनी चाचपडत माझा हात धरला.

"पोरी, तू पाहून राह्यली ना? लागला का, सांग मले. तवाबी तू पाहतच होती."